थेंबाच्या मागे मागे

होम लोनचा फॉर्म भरण्याआधी एक साधा प्रश्न. तुमच्या बिल्डिंगच्या रस्त्यावर पावसात येणारं पाणी येतं कुठून? आणि जातं कुठे? एक लॅपटॉप, एक फुकटचं सॉफ्टवेअर आणि एक रविवार एवढ्या भांडवलावर या थेंबाचा माग काढता येतो. आम्ही काढला. आणि मग छत्र्या घेऊन त्याच्या मागे चालतही गेलो!

शनिवार संध्याकाळ. डोंबिवलीचा फडके रोड. बाहेर पाऊस, समोर कटिंग, आणि टेबलावर एक गुळगुळीत ब्रोशर. माझी मैत्रीण आणि तिचा नवरा, दोघंही नोकरीवाले. ती बीकेसीला, तो ऐरोलीला. लग्नाला सहा वर्षं, सहाही भाड्याच्या घरात. आता कल्याण आणि बदलापूरच्या मधल्या पट्ट्यात एक टू बीएचके बजेटमध्ये बसत होता. सातवा मजला, हवेशीर, खिडकीतून डोंगर. ऑफर सोमवारपर्यंत. टोकन एक लाख.

"सातव्या मजल्यावर पाणी थोडंच येणार आहे?" तो म्हणाला.

"पाणी नाही येणार रे. पण आईंना डायलिसिसला नेणारी रिक्षा येईल का?" ती म्हणाली.

तिच्या सासूबाईंना आठवड्यातून तीनदा हॉस्पिटलला न्यावं लागतं. मंगळवार, गुरुवार, शनिवार. पाऊस असो नसो. प्रोजेक्टला जायला रस्ता एकच, आणि तो एका नाल्याच्या कडेकडेने जातो. सेल्स ऑफिसातला मुलगा म्हणाला होता, "मॅडम, इथे कधीच पाणी भरत नाही." असं तो प्रत्येकालाच म्हणत असणार. त्याची नोकरीच ती आहे.

मला माझा कॉलेजातला एक मित्र आठवला. आम्ही मास मीडियाकडे वळलो आणि हा पठ्ठ्या नकाशांकडे. ठाण्यात एका कन्सल्टन्सीत पाणलोटाची मॉडेल्स बनवतो. त्याला फोन लावला. तो म्हणाला, "पोहे असतील तर येतो."

आठ शेजारी आणि एक उतार

पाणलोट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतं राळेगणसिद्धी नाहीतर हिवरे बाजार. 'पाणी अडवा, पाणी जिरवा', माथा ते पायथा वगैरे. गावातल्या शाळकरी पोरालाही कुठल्या डोंगराचं पाणी कुठल्या ओढ्याला जातं ते माहीत असतं. आपल्याला? आपल्याला आठ सात फास्ट कुठल्या प्लॅटफॉर्मला लागते ते माहीत असतं!

रविवारी सकाळी कल्याणला माझ्या घरी पोहे झाले आणि लॅपटॉप उघडला. सॉफ्टवेअरचं नाव क्यूजीआयएस. फुकट आणि मुक्त, कुणीही डाउनलोड करावं. त्याच्या पोटात ग्रास नावाचं आणखी एक जुनं सॉफ्टवेअर बसतं, ज्याचं काम अमेरिकन सैन्याच्या एका संशोधन प्रयोगशाळेत १९८०च्या दशकात सुरू झालं. सैन्याने सोडलं तरी जगभरच्या लोकांनी ते वाढवत नेलं.

पहिली गरज उंचीच्या नकाशाची. फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर हे अंतराळयान अकरा दिवस पृथ्वीभोवती फिरलं आणि रडारने जगातल्या बहुतेक जमिनीची उंची मोजून आलं. तोच हा एसआरटीएम डेटा. ३० मीटर बाय ३० मीटरचा एकेक चौकोन आणि प्रत्येक चौकोनात एकच आकडा, समुद्रसपाटीपासूनची उंची. आपल्या इस्रोच्या कार्टोसॅट-१ उपग्रहावरून बनलेला असाच नकाशा 'भुवन' पोर्टलवर मिळतो. युरोपचा कोपर्निकसही फुकट आहे.

आता गंमत बघा. सॉफ्टवेअरला नदी, नाला, डोंगर यातलं काहीच कळत नाही. ते फक्त एका चौकोनावर उभं राहतं आणि आजूबाजूच्या आठ शेजाऱ्यांकडे बघतं. कुणाकडे जाताना उतार सगळ्यात तीव्र? झालं, पाणी तिकडे. तिरक्या शेजाऱ्याचं अंतर जरा जास्त, म्हणून तिथे उंचीतला फरक १.४१४ने भागायचा. पुढच्या चौकोनावर पुन्हा तेच. या रीतीला म्हणतात 'डी-एट'. ओ'कॅलहन आणि मार्क या दोघांनी १९८४ मध्ये ती मांडली. इतकी सोपी की हातानेही करता येईल, फक्त ठाणे जिल्ह्यासाठी करत बसलात तर रिटायर व्हाल.

मग दुसरा हिशेब. प्रत्येक चौकोनाला विचारायचं, तुझ्याकडे वरून किती चौकोनांचं पाणी येतं? डोंगराच्या माथ्यावर उत्तर शून्य. खाली येता येता ते दहा, शंभर, हजार, लाख होत जातं. ठरावीक आकड्याच्या वरचे चौकोन तेवढे रंगवायचे आणि स्क्रीनवर एकदम नद्या उगवतात! उल्हास, काळू, भातसा, बारवी. कुणी नाव सांगितलेलं नसताना, फक्त उतारावरून. मैत्रिणीच्या नवऱ्याने पोह्याचा चमचा खाली ठेवला. "हे सॉलिड आहे यार."

एक खोट मात्र आधी काढावी लागते. एखादा चौकोन आठही शेजाऱ्यांपेक्षा खाली असेल तर पाणी तिथेच अडकतं. तो खड्डा खरा असू शकतो किंवा मोजण्यातली चूक. बऱ्याच पद्धतींमध्ये सॉफ्टवेअर असे खड्डे सरळ भरून टाकतं. म्हणजे आपला मासुंदा तलावसुद्धा एका क्लिकमध्ये बुजू शकतो. ठाण्यात तलाव बुजवायला माणसांना मात्र बराच वेळ लागला होता.

काकोळ्याचा थेंब

मित्राने एक थेंब सोडला. अंबरनाथच्या वर, काकोळ्याच्या डोंगरात, जिथे रेल्वेचा जुना जीआयपी टँक आहे तिथे. वालधुनी नदीचा हा उगमाचा भाग. तीच वालधुनी, जिला आपण लोकलच्या दारातून नाक दाबून 'नाला' म्हणतो.

थेंब निघाला. अंबरनाथच्या शिवमंदिराशेजारून गेला. शिलाहारांच्या काळातलं, शिलालेखानुसार १०६० सालचं हे मंदिर याच नदीच्या काठावर बांधलेलं आहे. म्हणजे साडेनऊशे वर्षांपूर्वी ही नदी देवळाच्या योग्यतेची होती. मग उल्हासनगर, विठ्ठलवाडी, कल्याण. तिथे उल्हासला मिळून दुर्गाडीच्या पायथ्याशी, मग डोंबिवलीचं मोठागाव, पुढे दिवा आणि मुंब्र्याच्या पारसिक डोंगराच्या अंगाने थेट ठाण्यापर्यंत. आपण रोज ट्रेनने जातो तोच रूट! फरक एवढाच की थेंबाला कुर्ल्याला बदलावं लागत नाही.

ठाण्यापाशी मात्र सॉफ्टवेअर फसलं. तिथे उल्हास दुभंगते. मोठा फाटा घोडबंदरच्या बाजूने वसईच्या खाडीत जातो, बारीक फाटा ठाण्याच्या खाडीत. डी-एटला एका चौकोनातून एकाच शेजाऱ्याकडे पाणी देता येतं, दोघांना नाही. त्याने एक वाट धरली आणि दुसरी कोरडी टाकली. यावरही उपाय निघाले आहेत. डेव्हिड टारबोटन यांनी १९९७ मध्ये मांडलेल्या 'डी-इन्फिनिटी'त पाणी दोन शेजाऱ्यांत वाटता येतं. पण खाडीत दुसरीच अडचण असते. कल्याणपर्यंत भरतीचं पाणी चढतं. दिवसातून दोनदा प्रवाह उलटा. नुसत्या उतारावर चालणाऱ्या मॉडेलला समुद्र वर चढतो हे ठाऊकच नसतं. उधाणाच्या वेळी वर मोठा पाऊस झाला तर नाल्याचं पाणी जाणार कुठे? ते आपल्या गल्लीत थांबून राहतं. म्हणूनच २०२० मध्ये मुंबईसाठी सुरू झालेल्या 'आयफ्लोज' या पूर इशारा यंत्रणेत पावसाबरोबर भरतीचाही हिशेब धरलेला आहे.

मोरी कुठे आहे?

आता मुद्द्याचं. प्रोजेक्टची जागा नकाशावर लावली. नाल्याची निळी रेघ आली, पण प्रोजेक्टच्या रस्त्यापासून चांगली लांब. मैत्रिणीने सुस्कारा सोडला. नवऱ्याने तर फोन काढून टोकनचा क्यूआर कोड शोधायला सुरुवात केली.

"थांब जरा," मित्र म्हणाला. "ही रेघ इथे काय करतेय बघ."

रेघ डोंगराकडून खाली येत होती, रेल्वे लाइनपाशी पोहोचत होती आणि मग जवळजवळ एक किलोमीटर रुळांना समांतर धावत होती. खरं पाणी असं सज्जनासारखं रुळांच्या कडेने चालत नाही. रेल्वेचा भराव आजूबाजूपेक्षा उंच. मॉडेलच्या दृष्टीने ती भिंत. भरावाखाली मोरी असते, तिच्यातून पाणी पलीकडे जातं. पण वरून बघणाऱ्या रडारला मोरी दिसेल कशी?

शहरात असे घोटाळे जागोजागी. रडार जमीन बघत नाही, जे वर दिसतं ते बघतं. त्यामुळे दाट इमारती म्हणजे टेकडी, झाडी म्हणजे उंचवटा, पूल म्हणजे बांध. उंचीत काही मीटरचा फरक सहज पडतो, आणि खाडीकाठच्या सपाट जमिनीत काही मीटर म्हणजे सगळंच आलं. शिवाय एसआरटीएममधली जमीन फेब्रुवारी २०००ची. त्यानंतर घोडबंदर रोडला काय उगवलं आणि कल्याणच्या खाडीकाठी किती भराव पडला, ते त्याला स्वप्नातही माहीत नाही.

"मग मोरी कुठे आहे ते कसं कळणार?"

"जाऊन बघायचं."

तर, साइट व्हिजिट नंबर दोन. या वेळी सॅम्पल फ्लॅट नाही, गटार! चौघं जण, तीन छत्र्या, एक मेझरिंग टेप. रुळांच्या कडेने जाणाऱ्या रस्त्यावरून एक एक नाला बघत निघालो. पहिले दोन बंद, राडारोड्याने भरलेले. तिसऱ्यापाशी एका चहाच्या टपरीवर एक काका बसले होते. आम्ही काय शोधतोय ते ऐकून हसले. "मोरी? ही काय, तुमच्या मागे."

झुडपांच्या मागे दगडी मोरी होती. टेप लावली, रुंदी जेमतेम सहा फूट. त्यातली खालची बरीचशी गाळ आणि प्लास्टिकने व्यापलेली. काकांनी टपरीमागच्या घराच्या भिंतीवर हात ठेवला, स्वतःच्या छातीपेक्षा वर. "२००५ला इथपर्यंत. २०१९ला कमरेपर्यंत."

दोन्ही तारखा आपल्याला पाठ आहेत. २६ जुलै २००५, सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर. बातम्या मुंबईच्या आणि मिठीच्या झाल्या, पण बदलापूर, उल्हासनगर, कल्याणनेही ती रात्र माळ्यांवर काढली. आणि २७ जुलै २०१९, बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजाराहून जास्त प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं.

घरी येऊन मित्राने मोरीच्या जागेवरचे चौकोन हाताने खाली केले, म्हणजे भरावाला कापून वाट दिली. पुन्हा रन. या वेळी रेघ सरळ मोरीतून पलीकडे गेली, आणि प्रोजेक्टच्या त्या एकुलत्या एक रस्त्याच्या सगळ्यात सखल टप्प्यावरून आडवी पार झाली.

कुणी काही बोललं नाही. क्यूआर कोडचा विषयही निघाला नाही.

टँकरमध्ये मोजा

वरून किती पाणी येणार? मोरीच्या चौकोनात काही हजार चौकोनांचं पाणी जमत होतं. हिशेब सोपा व्हावा म्हणून चार हजार धरू. एक चौकोन ९०० चौरस मीटर, म्हणजे एकूण ३.६ चौरस किलोमीटर. त्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर ३६ कोटी लिटर. आपल्याकडे असा पाऊस दर मोसमात एखादा तरी होतोच. त्यातलं अर्धं जिरलं असं उदार मनाने मानलं तरी १८ कोटी लिटर. दहा हजार लिटरचे अठरा हजार टँकर, एका सहा फुटी मोरीतून! आणि वरच्या डोंगरउतारावर जेवढं काँक्रीट वाढेल तेवढा तो 'अर्धा'ही कमी होत जाणार.

मग मित्राने पूररेषा काढली. राज्याच्या जलसंपदा विभागाच्या नकाशांवर नदीकाठी दोन रेषा असतात. निळी म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध, निळ्या-लालच्या मध्ये नियंत्रित.

'पंचवीस वर्षांतून एकदा' ऐकलं की वाटतं, चला, आपला नंबर लागायला वेळ आहे. पण याचा अर्थ दर वर्षी चार टक्के शक्यता. वीस वर्षांच्या होम लोनच्या मुदतीत तो पूर निदान एकदा तरी येण्याची शक्यता तब्बल ५६ टक्के! नाणं उडवण्यापेक्षा जास्त. 'शंभर वर्षांच्या' पुराचीसुद्धा वीस वर्षांत १८ टक्के. बँक तुमचा सिबिल स्कोअर बघते. नाल्याचा स्कोअर तुम्हालाच बघावा लागतो.

आणि अशा छोट्या नाल्यांना पूररेषा आखलेली असेलच असं नाही. तिथे आपण, आपला लॅपटॉप आणि टपरीवरचे काका.

घरी करून बघा

१. क्यूजीआयएस टाका. ग्राससकट येणारं इन्स्टॉलर घ्या. आपल्या भागाचा ३० मीटरचा उंचीचा नकाशा उतरवा.

२. नकाशा यूटीएम झोन ४३ उत्तरमध्ये बदला. नाहीतर अंतर मीटरऐवजी अंशात मोजलं जाईल आणि उतार वेड्यासारखे येतील.

३. 'आर डॉट वॉटरशेड' चालवा. मर्यादा आधी हजार चौकोन ठेवा, म्हणजे साधारण एक चौरस किलोमीटर. छोटे नाले बघायचे तर आकडा कमी करा. याला आधी खड्डे भरून द्यावे लागत नाहीत.

४. वरचं पाणलोट हवं तर 'आर डॉट वॉटर डॉट आउटलेट'. तुमचा बिंदू रेघेवरच्या चौकोनातच पडला पाहिजे. शेजारच्या चौकोनात पडला तर अख्ख्या डोंगराऐवजी दोन गच्च्यांचं पाणलोट मिळेल आणि तुम्ही उगाच खूश व्हाल. खाली जाणारी वाट हवी तर 'आर डॉट ड्रेन'.

५. रेघ रुळांना, हायवेला किंवा कालव्याला चिकटून धावली की समजा, तिथे मोरी राहिली.

६. छत्री घ्या आणि जाऊन बघा. हा टप्पा कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये नाही.

आणि हो, यावरून कुणाशी कोर्टात भांडायला जाऊ नका. ३० मीटरचा चौकोन म्हणजे अख्खी बिल्डिंग त्यात मावते. हा नकाशा प्रश्न विचारायला आहे. उत्तरासाठी पूररेषेचा अधिकृत नकाशा, विकास आराखडा आणि जुने रहिवासी.

सोमवार

टोकन गेलं नाही. दोन महिन्यांनी त्यांनी डोंबिवलीतच एक रिसेल घर घेतलं. दुसरा मजला, कार्पेट शंभर फूट कमी, स्टेशनपासून शेअर रिक्षाने बारा मिनिटं जास्त, खिडकीतून डोंगर नाही, समोरच्यांचं वाळत घातलेलं दिसतं. मैत्रीण अजून अधूनमधून त्या सातव्या मजल्याची आठवण काढते. पण हॉस्पिटलला जायला रस्ते दोन आहेत. घेण्याआधी तिने दोन्हींवर रेघ तपासली होती.

त्या रविवारी पोहे संपल्यावर आईने मित्राला एक विनंती केली. "आमच्या जुन्या घराचं बघ ना."

आम्ही २००५ मध्ये कल्याण पूर्वेला एका चाळीत तळमजल्यावर राहायचो, वालधुनीपासून जवळ. मी तिसरीत होते. बाबा मुंबईत ऑफिसात अडकलेले. आईने मला माळ्यावर चढवलं, रेशन कार्ड, बाबांची सर्टिफिकेटं आणि माझा जन्मदाखला प्रेशर कुकरमध्ये घालून झाकण लावलं आणि कुकर माझ्या मांडीवर दिला. सकाळपर्यंत मी तो सोडला नाही. कागद वाचले. बाकी काही वाचलं नाही.

मित्राने चाळीच्या जागी, रेघ बघून, बिंदू ठेवला. स्क्रीनवर वरचं पाणलोट पसरलं. चाळ, गल्ली, उल्हासनगर, अंबरनाथ, पार काकोळ्याच्या डोंगरापर्यंत एक लांबट निळा पट्टा. आई चष्मा लावून बघत राहिली.

"एवढं सगळं आपल्या दारावरून जायचं?"

"हो काकू. पावसात."

"आणि हे मोजलं कधी म्हणालास?"

"फेब्रुवारी २०००."

आईने मनात हिशेब केला. मग चष्मा काढला, पोह्याच्या रिकाम्या बश्या उचलल्या आणि म्हणाली, "पाच वर्षं होती की मग."